सदर मजकूर अमेरिकेचा आहे

अमेरिकेचा इतिहास हा पेपर आमच्या कॉलेजात कुणालाच नको असतो. मुलांना नको असतो, कारण त्यात ओळखीचं एकही गाव येत नाही. शिक्षकांना नको असतो, कारण मराठीत धड पुस्तकं मिळत नाहीत. विभागात आम्ही दोघंच. दुसरे सर मराठ्यांचा इतिहास सोडत नाहीत, म्हणून हा पेपर कित्येक वर्षं माझ्या वाट्याला आहे. मी त्याची घडी बसवून टाकली आहे. वर्ष सुरू होताना तासांची यादी करायची. रेल्वे आणि पोलाद, मक्तेदारी, कामगार, समाजसुधारणा, मग स्पेनशी युद्ध, पनामाचा कालवा, पहिलं महायुद्ध. झालेल्या तासावर टिक करायची. माझ्या हिशोबाने कोरेगावात अमेरिका दर वर्षी परीक्षेच्या पंधरा दिवस आधी महासत्ता होते. एकदाही उशीर झालेला नाही.

हे मी अभिमानाने सांगायचे. आता नुसतं सांगते.

तीन वर्षांपूर्वी तृतीय वर्षाच्या वर्गात अकरा जण होते. त्यात एक विवाहित बाई होती, सत्तावीस-अठ्ठावीसची. मूळची दहिवडीकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. नवरा मुंबईत मालाच्या गाड्या भरायचा आणि ही जावेबरोबर वाठारच्या रस्त्याला भाड्याच्या खोलीत राहायची. शिरवळच्या एका कंपनीत ठेकेदारामार्फत कामाला होती. कंपनीची बस तिला नाक्यावरून न्यायची. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी. दुसरी पाळी असली की सकाळचे तास तिला मिळायचे, पहिली असली की तो आठवडा कोरा. हजेरी भरणार नाही हे मला पहिल्याच महिन्यात दिसलं. मी तिच्या पाळ्यांचं वेगळं कॅलेंडर करून घेतलं आणि महत्त्वाचे तास तिच्या आठवड्यांत बसवले. त्यात उपकाराची भावना नव्हती. एखादं नाव हजेरीअभावी गळालं की मला यादी अपुरी वाटते, इतकंच.

ती मागच्या बाकावर बसायची आणि क्वचित बोलायची. पण कामगारांचं प्रकरण सुरू झालं आणि तिला वाचा फुटली. न्यूयॉर्कच्या कपड्यांच्या कारखान्यातली आग मी शिकवत होते. दाराला कुलूप होतं, त्यामुळे मुली बाहेर पडू शकल्या नाहीत, कुलूप चोरीच्या भीतीने लावलं होतं, असं सांगत होते.

"मॅडम, नुसतं चोरीसाठी न्हाई लावत कुलूप," ती म्हणाली. "मानूस टायमाच्या आधी भायेर पडू ने म्हणूनबी लावत्यात."

"तुला काय माहीत?" पुढच्या बाकावरचा एक जण वळून म्हणाला. "तू हुतीस व्हय तितं?"

"तितं नव्हते. पर कुलूप बघिटलंय."

वर्ग हसला. मी पुढच्या मुद्द्याकडे वळले, कारण तासाला दहा मिनिटं उरली होती. दुसऱ्या एका तासाला तिने विचारलं, "मॅडम, त्यांच्याकडं येवढं कारखानं हुतं, तर मग आमची झाकणं तिकडं का जात्यात? त्यांचं कारखानं गेलं कुटं?" तिची कंपनी औषधांच्या बाटल्यांची झाकणं करायची आणि खोक्यांवर अमेरिकेचा पत्ता असायचा. मी म्हटलं, तो भाग आपल्या अभ्यासक्रमात नाही. ते खरं होतं.

समाजसुधारणेचं प्रकरण मात्र मला पहिल्यापासून आवडतं. शिकागोच्या गरीब वस्त्यांत शिकल्या-सवरल्या बायका छापील फॉर्म घेऊन घरोघर फिरल्या. किती तास काम, किती जणांत एक संडास, लेकरू कितव्या वर्षी कामाला लागलं, सगळं विचारून लिहिलं, त्याचे तक्ते आणि नकाशे केले. पुढे कायदे झाले त्यात या कागदांचा वाटा होता. भाषण नाही, रडारड नाही, रकाने. मला त्या बायका आपल्या वाटायच्या. म्हणून त्या वर्षी प्रकल्पाला विषय दिला, 'आपल्या परिसरातील कामगारांची पाहणी'. फॉर्म मीच तयार केला. माहिती देणाऱ्याचं नाव, वय, गाव, कामाचं स्वरूप, कामाची जागा, तास, सुट्टी, पाणी, स्वच्छतागृह. खाली एक ओळ ठळक अक्षरांत टाकली, 'कंपनीचे नाव लिहू नये'. एवढी काळजी घेतली की झालं, असं मला वाटलं.

बाकीच्यांनी एकमेकांचं उतरवून काढलं. ऊसतोड कामगारांच्या सहा पाहण्या आल्या आणि सहाही टोळ्यांत मुकादमाचं वय एकच होतं. हिचे मात्र तीन फॉर्म तीन बायकांचे होते, आपल्याच लाईनवरच्या. वर स्वतःची चार पानं. लाईनवर बायका झाकणं तपासतात, आठ तास उभ्याने. लघवीला जायचं तर सगळ्या लाईनला मिळून एकच लाल पास. तो गळ्यात घालून जायचं आणि परत आल्यावर दुसरीला द्यायचा. म्हणून बायका पाणी पीत नाहीत. तिचं एक वाक्य अजून पाठ आहे. 'अमेरिकेचे पाहुणे तपासणीला आले की लाईनवर स्टूल येतात आणि पास पाच होतात. पाहुणे गेले की स्टूल कॅन्टीनच्या मागच्या खोलीत जातात.' वीसपैकी अठरा गुण दिले. दोन गुण शुद्धलेखनाचे कापले.

त्याच सुमाराला कॉलेजचं मूल्यांकन आलं. ते ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. केलेल्या प्रत्येक गोष्टीचा पुरावा लागतो आणि पुराव्याला जोडपत्र लागतं. अभ्यासक्रमाशी निगडित औद्योगिक भेट हा रकाना आमच्या विभागाचा रिकामा होता. मी शिरवळ-खंडाळा भागातल्या चार कंपन्यांना अर्ज पाठवले. अर्जाला भेटीचा हेतू जोडला, आणि हेतूला पुरावा म्हणून विद्यार्थ्यांच्या कामाचा नमुना जोडला. नमुना म्हणून अर्थातच सर्वांत चांगला प्रकल्प घेतला. चार प्रती, चार पाकिटं, 'सोबत: वरीलप्रमाणे', शिक्का. फॉर्ममधली नावं झाकावीत हे डोक्यात आलं नाही. ती कोणत्या कंपनीत आहे हे मी कधी विचारलं नव्हतं. मीच तर लिहू नका म्हटलं होतं.

आठवड्याभरात एका कंपनीचा फोन आला. बोलणारे मनुष्यबळ विभागाचे अधिकारी होते, आवाज अदबशीर. "मॅडम, अर्ज मिळाला. जोडलेलंही वाचलं. सगळं वाचलं." भेटीला परवानगी मिळेल, तारीख कळवतो, म्हणाले. मी यादीत टिक केली.

त्यानंतरच्या सोमवारी ती वर्गात बसलेली दिसली. हजेरी घेताना माझा हात थांबला. माझ्या कॅलेंडरप्रमाणे तो तिचा पहिल्या पाळीचा आठवडा होता. तास संपल्यावर मी तिला थांबवलं.

"या आठवड्यात तुझी सकाळची पाळी ना गं? पाळी बदलली का?"

"न्हाई मॅडम. आमाला घरी बसवलंय. चौघींना."

"कुणी?"

"ठेकेदाराच्या मानसानं. बसमधी चढूच दिलं न्हाई. फॉर्मवरची नावं वाचून दाखिवली आन म्हणला, तुमी आता लेखिका झालाय, घरी बसून वाचा की." ती खाली बघत होती. "मॅडम, माझं ऱ्हाऊ द्या. मी इचारलं म्हणून त्या तिघींनी सांगितलं. त्यांचं काय तरी करा."

ती माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाशी बोलायची मला सवय आहे.

दुपारी ती तिघींतल्या वयाने मोठ्या बाईला कॉलेजात घेऊन आली. सगळी लाईन तिला मावशी म्हणायची. मावशी विभागात खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या. "आवं मॅडम," म्हणाल्या, "ह्या पोरीनं इचारलं, मी सांगितलं. लेकीसारखी हाय म्हणून सांगितलं. मला काय ठावं, कागुद फिरून आमच्याच सायबाच्या टेबलावर जाणार हाय?"

मी म्हटलं, "चूक माझी आहे."

"चूक कुनाची का आसंना," मावशी म्हणाल्या, "गाडी सकाळी सव्वापाचला येती आन आमाला घेत न्हाई."

घरी मी हे यजमानांना सांगितलं. ते सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, फार बोलत नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रेंजवर गोळी सोडायच्या आधी पलीकडं कोण हाय ते बघत्यात. तुमच्यात ती पद्धत न्हाई व्हय?" मी वही काढली आणि उद्याच्या कामांची यादी करायला घेतली. एक, अधिकाऱ्यांना भेटणे. दोन काय ते सुचेना. पान तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून एसटीने शिरवळला गेले. अधिकारी पस्तिशीचे असतील. त्यांनी बसायला सांगितलं, चहा मागवला, आडनावावरून गाव विचारलं. माहेर तासगावकडचं म्हटल्यावर खूश झाले. "मग आपण एकाच बाजूचे, मॅडम. मी पलूसचा. तुमच्याकडं द्राक्षं, आमच्याकडं ऊस." त्यांच्या टेबलावर माझा अर्ज होता. जोडपत्रांवर पिवळ्या खुणा केलेल्या होत्या. मी प्रकल्प तपासताना करते तशाच.

मी मुद्द्यावर आले. ते म्हणाले, "कंपनीनं कुणालाही काढलेलं नाही. त्या आमच्या कामगार नाहीतच. ठेकेदाराच्या आहेत."

"पण ठेकेदार तुमचंच ऐकतो ना?"

"मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून सरळ सांगतो. हा कागद ग्राहकाच्या माणसाच्या हातात गेला तर तिकडून ऑर्डर थांबते. मग चौघीच नाही, अख्खी लाईन घरी. तुम्हाला ते पाहिजे का?"

"स्टूल कायमची ठेवली तर काय बिघडेल?"

ते थोडं हसले. त्यात कुचेष्टा नव्हती. माझ्याइतकेच दमलेले दिसले. "ते माझ्या हातात असतं तर केलं असतं. माझ्या हातात कागद आहे. कागदाचं आपण काहीतरी करू शकतो." मग चहाचा कप बाजूला सारून म्हणाले, "तुम्ही अमेरिकेचाच इतिहास शिकवता ना? मग हे अमेरिकेचं आहे असं कॉलेजच्या लेटरहेडवर लिहून द्या. मुलीनं पुस्तकातलं वर्णन आपल्याकडं घडल्यासारखं लिहिलं. सरावासाठी. मी ते ठेकेदारापुढं ठेवतो, फाईलला लावतो, विषय संपला."

परतीच्या गाडीत मी त्या शिकागोच्या बायकांचा विचार करत होते. इतकी वर्षं त्यांचं कौतुक केलं, पण फॉर्म भरून दिलेल्या बाईचं दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं, हे ना मी कधी विचारलं ना एकाही विद्यार्थ्याने. फॉर्म घेऊन आलेली बाई संध्याकाळी आपल्या घरी जाते, तिची नोकरी दुसरीकडे असते. कायदा व्हायला वर्षं लागतात आणि तोवर सांगणारीने कुठं उभं राहायचं, हे माझ्या टिपणांत कुठेही नाही.

प्राचार्यांकडे गेले. त्यांनी ऐकलं आणि लगेच म्हणाले, "देऊन टाका पत्र. आणि भेटीची तारीखही त्यातच मागून घ्या, मॅडम. मूल्यांकनाची समिती पुढच्या महिन्यात येतेय."

मी म्हटलं, "सर, ते खोटं आहे."

"मग नका देऊ," ते म्हणाले. "तुम्ही ठरवा." आणि सहीच्या फायली पुढे ओढल्या. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आज वाटतं, ते बरोबरच बोलले. ठरवायचं मलाच होतं आणि मला ते कुणाच्या तरी अंगावर ढकलायचं होतं.

शेवटी मी ते तिच्या आणि मावशींच्या अंगावर ढकललं. दोघींना बोलावलं, अधिकाऱ्यांनी काय मागितलंय ते सांगितलं आणि विचारलं, काय करू? मावशींना आधी समजेना. समजलं तेव्हा पदर तोंडावर धरून हसायला लागल्या. "म्हंजी आमी आमेरिकेत काम करून आलो म्हनायचं? बिनातिकिटाच्या?"

मी कच्चा मसुदा वाचून दाखवला. 'सदर मजकूर हा अमेरिकेतील कारखान्यांचे वर्णन असून त्याचा कोणत्याही स्थानिक आस्थापनेशी संबंध नाही. फॉर्ममधील नावे सरावासाठी घेतली आहेत.'

ती लक्ष देऊन ऐकत होती. वर्गात ऐकायची तसंच. "मॅडम," म्हणाली, "शंभर वर्षांपूर्वीचं आसं लिवा. नुसतं आमेरिकेचं लिवलं तर आत्ताचं वाटंल."

मी ते घातलं. 'शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतील.' वाक्य आता पक्कं झालं होतं, कुठे फट राहिली नव्हती. तिने तिथंच आपली चार पानं परत मागितली. मूळ प्रत माझ्या कपाटात होती. मी दिली. तिने ती घडी करून पिशवीत ठेवली. पुढे त्यांचं काय केलं, मला माहीत नाही.

पत्र घेऊन मी स्वतः गेले. चार दिवसांनी मावशी आणि बाकीच्या दोघी बसमध्ये बसल्या. हिला घेतलं नाही. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, सांगणाऱ्या चालतील, लिहिणारी नको. मी पुन्हा अधिकाऱ्यांना फोन लावला. त्यांनी उचलला, "बघतो मॅडम" म्हणाले. नंतरचे फोन उचलले नाहीत. मी तिच्यासाठी दोन ठिकाणी शब्द टाकला, एक कोरेगावच्या कापड दुकानात, एक आमच्याच ग्रंथालयात रोजंदारीवर. दुकानदाराला शिकलेली बाई नको होती आणि ग्रंथालयाच्या प्रस्तावावर अजून सही व्हायची आहे.

ती म्हणाली, "तिघींचं झालं न्हवं? मग बास." खोली एकट्या जावेच्या जिवावर परवडेना, तशी ती दहिवडीकडे सासरी गेली, सासऱ्यांबरोबर मेंढरांमागे. निघताना मी उगाच विचारलं, परीक्षेचं काय? "येती की," म्हणाली. "मेंढरं हजेरी घेत न्हाईत."

भेट ठरल्याप्रमाणे झाली. दहा विद्यार्थी, मी आणि फोटो काढायला एक शिपाई. आम्हाला डोक्याला टोप्या दिल्या. लाईनवर सगळ्या बायका स्टुलांवर बसलेल्या होत्या. सुपरवायझरच्या टेबलाजवळ लाल पास लटकत होते. मी मोजले, पाच होते. मावशी तिसऱ्या स्टुलावर होत्या. त्यांनी मला बघितलं आणि झाकणांकडे नजर वळवली. मी विद्यार्थ्यांना घेऊन पुढे गेले, कारण त्यांच्याजवळ थांबणं त्यांनाच महाग पडलं असतं. फोटो चांगले आले. समितीने त्या रकान्याला पूर्ण गुण दिले.

परीक्षेला ती आली, एसटी बदलत बदलत, प्रत्येक पेपरला. वर्गाच्या खिडकीतून मी तिला लिहिताना बघितलं. अमेरिकेच्या पेपरला कामगार चळवळीवर प्रश्न होता. पेपर बाहेर तपासले जातात, त्यामुळे तिने काय लिहिलं ते मला कळलं नाही. गुण बरे पडले. निकालानंतर पदवीचं प्रमाणपत्र न्यायला तिचा सासरा आला होता. डोक्याला मुंडासं, अंगठ्याला शाई लावायच्या तयारीत उभा. सही केली तरी चालतं असं मी म्हटलं, तर म्हणाला, "सही तिला येती. मला न्हाई."

त्यानंतर मी पाहणीचा प्रकल्प बंद केला. आता प्रकल्प असतो 'अमेरिकेतील समाजसुधारणा: संदर्भग्रंथांच्या आधारे'. मुलं गाईडातून उतरवतात, वेळेत देतात, मी वेळेत तपासते. कुणाचं काही बिघडत नाही. सुधारणेचं प्रकरण पूर्वी चार तासांचं होतं, ते दोन तासांत बसवलंय. उरलेले दोन पनामाच्या कालव्याला दिले.

गेल्या महिन्यात तास संपल्यावर एक मुलगी टेबलाजवळ आली. मंगळवेढ्याकडून ऊसतोडीला येणाऱ्या टोळीच्या मुकादमाची ती मुलगी, वसतिगृहात राहते. हातात वही होती, वहीत बरंच काही लिहिलेलं दिसत होतं.

"मॅडम, प्रकल्पात आपल्याकडचं लिहिलं तर चालेल का? मी आमच्या टोळीतल्या बायकांना विचारलंय. नावासकट."

मी वहीकडे हात नेला नाही. तिने उघडली असती तर मला वाचावं लागलं असतं. शिपाई दार लावायला येऊन उभा होता.

"पुस्तकातलं लिही," मी म्हटलं.

"पण मॅडम, पुस्तकात..."

"पुस्तकातलंच लिही. शुक्रवारपर्यंत दे."

तिने वही मिटली. मी यादीत तिच्या नावापुढे शुक्रवार लिहिला.